पाठीमागचा एक पोर्ट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वहिनींचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधोमध प्लायवूडची भिंत घालून एकीच्या दोन केलेली. पुढच्या भागात टेबल, संगणक, प्रिंटर, स्कॅनर, फोटो काढायला ताणून बसवलेला पांढरा पडदा आणि त्याच्यापुढे एक गोल स्टूल. मागच्या भागात सासूबाईंची खाट. त्या बऱ्याच वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. दिसतं ते धुरकट, पण कान मात्र शाबूत. दुकानात कोण आलं, कुणाचा फोटो तीनदा काढावा लागला, कोण उगाच घासाघीस करून गेलं, सगळं त्यांना खाटेवरून कळायचं.

हे दुकान वहिनींच्या नवऱ्यानं उभं केलेलं. गल्लीत त्यांना सगळे जोडारी म्हणत. सुरुवातीला थट्टेनं म्हणत, पुढे तेच नाव झालं. कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला जोडून दाखवायची त्यांना हौस. कुणीतरी टाकून दिलेला स्कॅनर आणायचा आणि तो आपल्या जुन्या संगणकाला बोलता करायचा, यात त्यांचे रविवार जात.

त्या संगणकाला यूएसबीचे सहा पोर्ट होते. पुढच्या बाजूला दोन. त्यातल्या एकात कुणा घाईतल्या गिऱ्हाइकानं पेन ड्राइव्ह उलटा घुसवून आतली पट्टी वाकवलेली. दुसरा सैल झालेला, त्यात काहीही लावलं की ते लोंबायचं. मागच्या बाजूला चार. त्यातले दोन एका वादळात वीज जोरात आल्यावर मेले. उरले दोन. कीबोर्ड आणि वायरचा जुना माऊस गोल पिनेचे, त्यांची सोय वेगळी, म्हणून निभावलं. एरवी प्रिंटर, दुसरा रंगीत प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा, स्पीकर आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह, एवढ्या सगळ्यांना दोन पोर्टांत बसवायचं म्हणजे दोन बाकांवर अख्खा वर्ग बसवण्यासारखंच.

त्यावर जोडारींनी हब आणला होता. हब म्हणजे एका तोंडाची अनेक तोंडं करणारी पट्टी. एका पोर्टात हब आणि हबात बाकी सगळी वरात. पण हबाची ताकद तेवढीच. स्कॅनरचा दिवा सरकू लागला आणि त्याच वेळी प्रिंटरनं कागद ओढला, की संगणक ‘टु-डुंग’ असा आवाज करायचा आणि दोघंही गप्प. मग जोडारी गिऱ्हाइकाला सांगायचे, “एका वेळी एकानंच बोलायचं. आमच्याकडे शिस्त आहे.” आणि आतून सासूबाई म्हणायच्या, “घरात नाही ती, म्हणून पेटीत ठेवलीय.”

उरलेल्या एका पोर्टात, अगदी भिंतीकडच्या बाजूला, जोडारींच्या बिनवायरच्या माऊसचं डोंगल होतं. नखाएवढं, काळं, माऊसचे इशारे बिनवायरीनं पकडणारं. तो माऊस त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकुलती एक नवी वस्तू. त्यांच्या बोटांनी त्याची डावी बाजू घासून गुळगुळीत झाली होती. बाहेर जाताना ते माऊस सदऱ्याच्या खिशात टाकून न्यायचे. “मागे कुणी हात लावायला नको,” म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, “मी कशाला लावतेय? मला काय तुमची पेटी पळवून न्यायचीय?” तरी माऊस खिशात जायचाच. पुढे वहिनी स्वतः काम शिकल्या आणि वायरच्या माऊसवर तासन्‌तास बसू लागल्या, तरी ही सवय काही सुटली नाही.

एक दिवस ते असेच माऊस खिशात टाकून कागदाचं बंडल आणायला गेले आणि रस्त्यातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

सगळं उरकल्यावर, घरातली माणसं पांगल्यावर, वहिनींनी माऊस शोधला. टेबलावर नव्हता, खणात नव्हता. त्यांना आठवलं, तो खिशात होता. म्हणजे त्यांच्याबरोबरच गेला. एवढं मनाशी म्हणून त्यांनी शोध थांबवला. डोंगल मात्र मागे तसंच राहिलं.

दुकान पुन्हा उघडलं त्याच्या थोड्या दिवसांनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी एका अर्जाकडे बघत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. आणि संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलला.

जरासाच. उजवीकडे सरकला, थांबला, पुन्हा थोडा वर गेला.

वहिनींनी आपल्या माऊसकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. त्यांनी वायर उपटली. बाण तरीही हलला.

त्या ओरडल्या नाहीत. मला हे त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “भीती नाही वाटली हो. उलट राग आला. म्हटलं, इतके दिवस कुठे होतात?” आणि तसं त्या खरंच मोठ्यानं बोलल्याही. बाण वर सरकला.

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं, की वहिनी जोडारींशी बोलायच्या. रंगीत प्रिंटर दुरुस्त करू की काढून टाकू? पलीकडच्या दुकानदारानं फोटोचा भाव पाडलाय, आपणही पाडायचा का? बाण वर गेला तर हो, खाली आला तर नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं. रोज यायचाच असं नाही. कधी कधी चार-चार दिवस बाण मेल्यासारखा पडून असायचा आणि वहिनींना जेवण जायचं नाही. मग एखाद्या दुपारी तो हळूच सरकायचा. काच पुसता पुसता वहिनींचा हात थांबायचा. “आलात?” त्या म्हणायच्या.

गल्लीत याची कुणाला फारशी कल्पना नव्हती. एवढंच दिसायचं, की दुपारी दुकानावरून जाताना आतून बोलणं ऐकू येतं आणि आत तर वहिनी एकट्याच. लोक म्हणायचे, सासूबाईंशी बोलत असतील. मीही तसंच समजत होतो. पण एकदा आत डोकावलो, तर त्यांचा चेहरा भिंतीकडे नव्हता, पडद्याकडे होता. आणि ते बोलणं उत्तराला जागा ठेवून, थांबत थांबत चाललेलं होतं. मी पायरीवरूनच परत फिरलो.

जोडारींचे धाकटे भाऊ, वहिनींचे भाऊजी, दुसऱ्या गावी असतात. माणूस वाईट नाही, फक्त सगळ्याचा निकाल लावायची घाई. त्यांचा फोन यायचा. “वहिनी, दुकान चालत नसेल तर ओढत बसू नका. आईला मी घेऊन जातो. ती जागा देऊन टाकू. तुम्हीही मोकळ्या व्हाल.” मोकळ्या म्हणजे काय, हे ते कधी सांगत नसत. वहिनींनी एका दुपारी पडद्याला विचारलं, “अहो, आईंना पाठवू का?” बाण सरसर खाली आला. वहिनींनी भाऊजींना नाही म्हणून कळवलं. “दुकान चालतंय,” म्हणाल्या.

पण ते चालत नव्हतं. पांढऱ्या पडद्यापुढे बसून फोटो काढायला आता येतं कोण? दुकान तगून होतं ते म्हाताऱ्या माणसांवर. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो अर्ज वहिनी भरून द्यायच्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना खुणेनं विचारून, ज्यांना जन्मसाल आठवत नाही त्यांना त्यांच्या भावंडांवरून आठवून देऊन. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग पेन्शनच्या कचेरीनं नियम बदलला. आता अर्ज नाही, बोटाचा ठसा. दुकानात ठशाचं यंत्र हवं आणि ते संगणकाच्या स्वतःच्या पोर्टात लावलेलं हवं. हबातून लावलेलं चालणार नाही, कारण ठसा जाताना मध्येच तुटला तर जिवंत माणसाची नोंद अर्धवट राहते. अमुक तारखेला कचेरीतून चाचणी होईल. यंत्र चाललं तर काम तुमचं, नाहीतर पलीकडच्या दुकानाचं.

वहिनींनी पेचकसला बोलावलं. हा आमच्याकडचा हार्डवेअरवाला. अंगानं पेचकसासारखा आणि कानावर सदैव एक पेचकस खोचलेला, म्हणून ते नाव. त्यानं संगणक फिरवून मागची बाजू पाहिली.

“वहिनी, हे तर सोपंय. एकात हब आहे, तो हलवता येत नाही. दुसऱ्यात हे डोंगल. कशाचं आहे?”

“ह्यांच्या माऊसचं.”

“माऊस कुठाय?”

“नाहीये.”

“मग काढा की! माऊस नाही तर डोंगल काय पूजेला ठेवलंय?”

पेचकसला आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्यानं कानावरचा पेचकस काढून उगाचच पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, “फेकू नका. हबात लावा. तिथूनही चालतं ते.”

“तिथून नाही येणार,” वहिनी म्हणाल्या.

“काय नाही येणार?”

“काही नाही. नवीन पोर्ट नाही का बसवता येणार?”

“या डब्यात? त्याची जागाच जळलीय. नवा संगणक घ्या.”

नवा संगणक घेणं म्हणजे तेच झालं. वहिनींच्या मनात पक्कं बसलं होतं, की ते येतात ते त्याच एका भोकातून. तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं ते डोंगल बसवलेलं. ते काढलं तर वाट मोडली. पुन्हा लावून सापडेल की नाही, कुणी सांगावं? जिवंत माणसांच्या नोंदीसाठी हवी होती नेमकी तीच जागा, आणि ती सोडवत नव्हती.

त्या आठवड्यात त्यांनी पडद्याला रोज विचारलं, “काढू का?” बाण कधी वर जाई, कधी खाली, कधी नुसताच थरथरे. वहिनी रडकुंडीला आल्या. “एक काहीतरी सांगा ना. आयुष्यभर असंच केलंत. सगळं जोडून ठेवलंत आणि सोडवायचं माझ्यावर टाकलंत.”

चाचणीच्या दिवशी सकाळी पेचकस यंत्र घेऊन आला. आधी हबात लावून पाहू म्हणाला, वहिनींच्या समाधानासाठी. स्वतःचं बोट ठेवलं. यंत्र हिरवं झालं, अर्ध्यात ‘टु-डुंग’ झालं आणि पडद्यावर आलं: नोंद अपूर्ण.

“बघा,” पेचकस म्हणाला. “अर्धा मेलो मी.”

“तुम्ही समोर बसा,” वहिनी म्हणाल्या. “मी काढते. माझ्याच हातानं.”

त्या टेबलाखाली शिरल्या. संगणकाची पाठ आणि प्लायवूडची भिंत यांच्यात हात जाईल एवढीच फट. खाली धूळ, वायरींचं जंजाळ. गाल भिंतीला टेकवून त्यांनी बोटांनी चाचपडत डोंगल शोधलं. ते गरम होतं. चालू वस्तू गरम असतेच, पण त्या क्षणी त्यांना ते तसं वाटलं नाही. त्यांनी डोळे मिटले, नखांत धरलं आणि ओढलं.

वर संगणक ‘टु-डुंग’ वाजला.

पेचकस म्हणाला, “निघालं. आता यंत्राची पिन घाला.”

वहिनींनी तसंच वाकून यंत्राची पिन चाचपडत आत सरकवली. वर पेचकसनं बोट ठेवलं. “आहे, आहे, पूर्ण झाली नोंद. जिवंत!” तो खुशीत ओरडला.

आणि तेवढ्यात, अगदी त्यांच्या कानाशी, भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

“गेला का गं तो?”

सासूबाईंचा आवाज.

“अगं, विझला बघ. गेला तो.”

वहिनी टेबलाखालून कशा बाहेर आल्या, डोकं कुठे आपटलं, त्यांना आठवत नाही. मागच्या खोलीत गेल्या. सासूबाई भिंतीकडे तोंड करून कुशीवर होत्या. उशीशेजारी त्यांची औषधं ठेवायची लाकडी फळी. फळीवर त्यांचा सुरकुतलेला हात पालथा आणि हाताखाली जोडारींचा माऊस. डावी बाजू गुळगुळीत झालेला.

“हा कुठून आला, आई?”

“कुठून म्हणजे? त्याच्या खिशातून. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी घरी आली ती माझ्याच हातात ना दिली? तू कुठे शुद्धीवर होतीस?” त्यांनी माऊस उलटा केला. “खाली लाल दिवा असतो. मला तेवढा दिसतो. आत्ता लुकलुकला आणि विझला.”

दाराशी आलेला पेचकस पुटपुटला, “डोंगल काढलं की तो शोधत बसतो, मग झोपतो.” वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दुकानात जाऊन उभा राहिला.

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. दर थोड्या दिवसांनी सासूबाई रेडिओसाठी सेल मागायच्या. वहिनी आणून द्यायच्या. रेडिओ वाजलेला कधी ऐकला नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं?

“म्हणजे तो बाण तुम्ही हलवत होतात,” वहिनी म्हणाल्या.

“कसला बाण?”

“पडद्यावरचा. हा हलवला की तो हलतो.”

“मी कुठे हलवते?” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, उलट थोडा राग होता. “तो हलवतो. माझा हात नुसता वर असतो. दुपारी तू त्याच्याशी बोलायला लागलीस की मला कळायचं, आला तो. मग मी यावर हात ठेवायची. हाताखाली सरकायचा. लहानपणी पाठीवर हात ठेवला की झोपेत असा हलायचा.” त्यांनी माऊस पुन्हा पालथा केला. “तू बोलत होतीस म्हणून तर मला ठाऊक झालं. नाहीतर या खोलीत मला काय कळणार?”

वहिनींनी मनाशी सगळं जुळवून पाहिलं. बाण हलायचा म्हणून त्या बोलायच्या. त्या बोलायच्या म्हणून सासूबाई हात ठेवायच्या. भिंतीच्या दोन बाजूंना दोघी बसलेल्या, प्रत्येकीला खात्री दुसरीकडून मिळालेली. मग पहिल्या दुपारी, वहिनी एक शब्दही बोलल्या नव्हत्या तेव्हा, बाण कुणी हलवला होता?

हे त्या विचारणार होत्या. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

“परत आण त्याला,” सासूबाई म्हणाल्या. मूल खेळणं मागतं तसं नाही, घरातल्या मोठ्या माणसानं सांगावं तसं.

वहिनी पुढे आल्या. हबात जागा नव्हती. त्यांनी स्पीकरची पिन काढली, कुणी ऐकत नव्हतंच ते, आणि तिथे डोंगल लावलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग भिंतीपलीकडून शांत आवाज आला.

“आला.”

पडद्यावर बाण थरथरला.

दुपारी कचेरीतून चाचणी झाली आणि काम वहिनींकडेच राहिलं. आता पायरीवर म्हाताऱ्यांची रांग असते. ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात त्यांची बोटं वहिनी ओल्या फडक्यानं पुसतात, हलकेच दाबतात, दुसरं बोट लावून बघतात. यंत्रानं ओळखलं की म्हणतात, “आहात हो तुम्ही, आहात.” कुणी हसतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं.

दुपारी रांग संपल्यावर त्या अजूनही बोलतात, पूर्वीपेक्षा जरा मोठ्यानं, भिंतीपलीकडे नीट जाईल असं. सासूबाईंना खरं सांगावं का, हे त्यांनी मला विचारलं होतं. खरं कुठलं, तेच मला ठरवता येईना.

मागच्या महिन्यात भाऊजींचा पुन्हा निरोप आला, आईला न्यायला येतो, काय ते कळवा. मी त्या वेळी माझ्या दाखल्यासाठी स्टुलावर बसलो होतो. वहिनींनी हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून विचारलं.

“अहो, भाऊजी आईंना न्यायचं म्हणतायत. काय सांगू?”

बराच वेळ काही हललं नाही. मग बाण खाली निघाला. हळूहळू, अर्जाच्या ओळी ओलांडत, पडद्याच्या तळाशी जाऊन टेकला. पुढे जायला जागा नव्हती, तरी तिथेच खाली रेटत राहिला.

वहिनींनी भाऊजींना फोन लावला.

“भाऊजी, आई इथेच राहतायत. नाही, नाही, मी नाही ठरवलं. विचारलं मी. हो, त्यांनाच विचारलं.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. वहिनी ऐकत होत्या, नजर त्या थरथरणाऱ्या बाणावर. “दोघांनाही,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.